उरलेला नट

नवऱ्यामागे सायकली दुरुस्त करून लेक वाढवलेल्या मावशींनी एप्रनच्या खिशात हात घातला आणि हाताला काहीतरी लागलं. ब्रेकचा नट! लेकीची सायकल काल त्यांनीच जुळवली होती, आणि पाठीवर ‘आईच्या हातांसाठी’ लिहून लेक एकट्या आयांच्या मदतनिधीच्या सायकलफेरीत निघाली होती. “थांबवा रे तिला!” मावशी ओरडल्या. पण उतारावरून नुसते रंगीत ठिपके घरंगळत येत होते. आपली पोर कुठली, कळेना. एक सायकल कचकन पुढ्यात थांबली. “आई, काय झालं?” मावशींनी खाली बसून ब्रेक चाचपला. नट जागेवर होता. “मग खिशातला कुठला?” “तू बसवलेला. बोल्टच्या आट्यांवर तिरका चढला होता. सकाळी मी बदलून तुझ्या खिशात टाकला. सांगायचा धीर झाला नाही.” “मला तर सरळ दिसला गं!” लेकीने बोटं वर धरली. “किती?” मावशींनी हात पुढे करून बोटं चाचपली.