एल्वुडचा पहिला बार

गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीचे सुटे भाग तीन वर्षं व्हर्नाच्या जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला होते. नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवत. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियात अशा बंदुकीने हरणं मारायचा खास हंगाम सुरू झाला आणि त्याच सकाळी नवऱ्याने, एल्वुडने, शेवटचा स्क्रू आवळला. बंदूक एकदाही उडवून न बघता तो रानाकडे पळाला.

संध्याकाळी घरामागे बार उडाला. एल्वुड काजळलेल्या चेहऱ्याने, हसत आत आला.

"उडाली गं!"

"हरीण मिळालं?"

"ते दुपारीच आलं होतं. दहा पावलांवर उभं राहून बघत होतं माझ्याकडे."

"मग तेव्हाच का नाही झाडलीस?"

"वेडी आहेस का? नसती उडाली तर त्याच्यासमोर शोभा झाली असती!"