फक्त शब्द

डुलुथमधल्या आपल्या हीटर-दुरुस्तीच्या दुकानात लॉर्नाने फोनची कटकट एकदाची मिटवली. गिऱ्हाइकाने फोनवर ठेवलेला निरोप संगणक आपोआप टाइप करायचा आणि थेट डेटाबेसमध्ये टाकायचा. खोकणं, अडखळणं, 'अं-अं' करणं सगळं गाळून टाकायची सोयही तिनेच करून ठेवली होती. वाचायला कसं झटपट!

गावाबाहेर एकटे राहणारे तिचे वडीलही रोज त्याच नंबरवर निरोप ठेवायचे.

"पोरी, कधीतरी बापाचा फोन उचल की," जुना मेकॅनिक विल्मर कुरकुरला.

"रोज वाचते ना मी! हे बघ आजचं. 'मी बरा आहे. सूप केलंय, जमलं तर ये.' ठणठणीत आहे म्हातारा!"

बर्फ वितळायच्या आतच म्हातारा गेला. न्यूमोनिया कित्येक दिवस अंगावर काढला होता म्हणे.

दफनविधीहून परतल्यावर लॉर्नाला राहवलं नाही. निदान आवाज तरी ऐकू, म्हणून तिने त्या दिवशीच्या निरोपाचं मूळ रेकॉर्डिंग पहिल्यांदाच कानाला लावलं.



'मी' म्हटल्यावर म्हातारा इतका वेळ खोकत राहिला, की 'बरा आहे' यायच्या आधीच तिला वाटलं, निरोप संपला.