घडीव क्रँकशाफ्ट

पौडच्या बाबालालच्या मोटारीनं सलग दोन वर्षं शर्यतीत दगा दिला होता. वेग वाढला की इंजिनातला क्रँकशाफ्ट मोडायचा. यंदा साच्यात ओतलेला ओतीव घ्यावा की ठोकून घडवलेला, जास्त मजबूत घडीव, या घोरानं त्याची झोप उडाली. ओतीव पुण्यात लगेच मिळत होता, घडीव परदेशातून यायचा. बायको कमरबी वैतागून म्हणायची, "एका लोखंडाच्या दांड्यापायी अन्न ग्वाड लागंना, असं कुटं असतंय व्हय?"

शेवटी त्यानं हट्टानं घडीवच मागवला. तो बोटीनं असा रमतगमत आला, की बसवून होईतो शर्यत उद्यावर येऊन ठेपली.

नवा शाफ्ट शर्यतीआधी थोडा तरी चालवून रुळवायला हवा होता. बाबालाल गाडी बाहेर काढतोय तोच वरच्या आळीचे कोंडाजी दारात हजर.

"बाबालालभाई, पोराची वरात हाय. उघडी मोटार गावात तुमचीच."

गावात राहून नाही म्हणायची सोय नव्हती. निदान वरातभर इंजिन तरी चालेल, अशी मनाची समजूत घालत त्यानं गाडीला झेंडूच्या माळा बांधू दिल्या. नवरा-नवरी मागं बसली. त्यानं इंजिन सुरू केलं, आणि ते असं घुमलं, की महिन्यांचा वैताग क्षणभर विसरून त्याच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या गोजराबाई गाडीला खेटून उभी राहिली.

 

"भाऊ, त्ये इंजन बंद करा आदी, सनई ऐकू यीना. आमची मानसं ढकलत्याल गाडी."