वीतभर डावीकडे

कम्युनिस्ट अल्बानियातल्या आमच्या दुर्रेस गावात घरोघरचे अँटेना रात्री इटलीकडे वळायचे आणि उजाडायच्या आत परत आपल्या राजधानीकडे. समुद्रापलीकडचा टीव्ही बघताना सापडलं तर थेट तुरुंग. त्या दिवशी आमच्या ह्यांना जाग आली नाही आणि अँटेना तसाच राहिला.

सकाळीच कमिटीचे कॉम्रेड नाझिफ दारात उभे. या नाझिफांच्याच एका शब्दावर शेजारचा लुआन आत गेला होता.

"काय रे बार्दिल, तुझा अँटेना समुद्राकडे तोंड करून काय बघतोय? मासे?"

"वाऱ्यानं फिरला असेल, कॉम्रेड," मीच मध्ये पडले.

"असेल, वहिनी. वारा होताच काल."

त्यांनी स्वतः छतावर चढून अँटेना सरळ केला. खाली येऊन निवांत कॉफी प्यायले. माझा जीव भांड्यात पडला.

निघताना ते आमच्या ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "गाढवा, दिवसा तरी सांभाळत जा. आणि रात्री लावशील तेव्हा वीतभर डावीकडे घे. चित्र कसं स्वच्छ येतं."

मी ह्यांच्या पायावर पाय दाबला. पण अँटेना लावण्यात आपला हात धरणारा गल्लीत कुणी नाही, हा ह्यांचा जुना तोरा.

 

"छे हो कॉम्रेड," हे म्हणाले, "डावीकडे नुसत्या मुंग्या येतात."