उरेब

"उंदीर असेल," लाइनवाला स्टुलावरून म्हणाला.

"उंदीर इतका सफाईदार कापतो?" चिमीने खालून विचारलं.

त्याने वायरचं टोक तिच्या हातात दिलं. वर काळं रबर, आत तांब्याची तार. दाताचा ओरखडा कुठेही नाही. एकच काप, स्वच्छ आणि तिरपा. चिमीची तीन वर्षं प्रयोगशाळेत गेली होती. कुरतडलेलं आणि कापलेलं यातला फरक तिला कळत होता.

"त्यांना काय विचारतेस?" शिलाई मशीनमागून आईचा आवाज आला. "उंदीर परवडले. निदान फुकटचा चहा तरी पीत नाहीत."

लाइनवाल्याने मान खाली घातली आणि नवीन जोड बसवला.

"उतरा आता. बिनसाखरेचा ठेवलाय. पिऊन जा, नाहीतर गावभर सांगाल, या घरात पाणीसुद्धा विचारत नाहीत."

फोन, इंटरनेट आणि टीव्ही, तिन्ही त्या एकाच वायरीवरून येत होते. वायर जिन्याच्या भिंतीवरून यायची आणि दारावरच्या झरोक्यातून घरात शिरायची. चिमीची नोकरी तिलाच लटकलेली होती. काम घरून, नेमणूक अजून कच्ची. मीटिंग रंगात आली की लाइन जायची. "पडद्यावर तू गोठतेस तेव्हा तोंड उघडंच असतं," साहेब आधी हसून म्हणाले होते. हल्ली ते हसत नव्हते.

तक्रारीचं काम आईने स्वतःकडे घेतलं होतं. चिमी मोबाइलवरून फोन करायची तेव्हा नुसतं संगीत ऐकू यायचं. आई शेजारच्या काकूंकडे जाऊन फोन करायची आणि चहा उकळायच्या आत लाइनवाला दारात हजर. बाकी बिऱ्हाडांना त्याची आठवडा आठवडा वाट बघावी लागे.

"आईच्या तोंडाला कोण लागणार!" असं म्हणून चिमी आधी खूश व्हायची. मग तिने त्या माणसाकडे नीट बघायला सुरुवात केली. खांबावर चढणाऱ्याच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. केसांना ताजा कलप. अत्तराचा वास जिन्यापासून यायचा. काम करता करता नजर घरभर फिरायची.

त्या दिवशी कपबशी खाली ठेवत त्याने विचारलं, "ताई, दुपारी रोज घरीच असता का तुम्ही?"

"का?"

"नाही, सहज."

तो गेल्यावर चिमीने दाराला कडी घातली. "हा लाइन दुरुस्त करायला येतो की लाइन मारायला?"

"काहीतरीच!" आई म्हणाली. "तुझ्या बापाच्या वयाचा आहे तो."

"कलप लावणारे वय मोजत नसतात."

"गप्प बस आणि हे टोक धर. असं नाही, तिरपं. गळ्याची पट्टी उरेबच कापावी लागते. सरळ कापली तर वळत नाही, चोळामोळा होतो नुसता." आईने काळ्या मुठीची कात्री चालवली. बाबा गेले तेव्हापासून याच कात्रीवर घर चाललं होतं.

चिमीने टोक धरलं, पण लक्ष झरोक्याकडे होतं. "आई, वायर तोच कापतो. पुन्हा यायला निमित्त हवं म्हणून. मी लेखी तक्रार करणार आहे."

कात्री थांबली. "पुरावा?"

"उद्या मिळवते."

"आणि त्याने केलं नसेल तर? कोणाच्या पोटावर पाय आणू नये, बाई."

"आत्ता तर त्याच्यापेक्षा उंदीर परवडले म्हणत होतीस! आणि माझ्या पोटाचं काय? आणखी एकदा लाइन गेली तर दुसरी नोकरी बघ, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलंय."

आईने मान वर केली. "हे कधी बोलली नाहीस."

"तुला कशाला उगाच घोर लावू?"

उरलेली पट्टी आईने वेडीवाकडी कापली. असं तिच्या हातून कधी होत नसे.

दुसऱ्या दिवशी चिमीने रजा काढली. आईला मात्र सांगितलं, "ऑफिसात बोलावलंय, संध्याकाळीच येईन." तिने दार आपटलं, खालपर्यंत चपला वाजवल्या आणि मग त्या हातात घेऊन अनवाणी वर आली. आपलं दार ओलांडून पुढच्या वळणावर पायरीवर बसली. इथून वायर पूर्ण दिसत होती. मोबाइलचा कॅमेरा तयार होता.

काकू कचऱ्याचा डबा ठेवून गेल्या. कोणाचं तरी मांजर येऊन तिला हुंगून गेलं. लाइनवाल्याचा पत्ता नव्हता. चिमीच्या पायाला मुंग्या आल्या. आपण उगाच एका गरिबाच्या मागे लागलो की काय, असं तिला वाटू लागलं.

तेवढ्यात आपलंच दार उघडलं. आई स्टूल घेऊन बाहेर आली. जिन्यातून खाली डोकावून ती स्टुलावर चढली. हातात काळ्या मुठीची कात्री होती. तिने वायर दोन पात्यांमध्ये धरली, तिरपी. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग कात्री मिटून खाली उतरली आणि स्टूल घेऊन आत गेली. झरोक्यातून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला, आणि मग आईचा. त्यात फणकारा औषधालाही नव्हता.

"मी बोलतेय... नाही हो, लाइन चालू आहे. आता नाही कापणार, पोरीची नोकरी जाईल... तुम्ही आपले तसेच या."