ऐंशीची हवा

"दात शाबूत आहेत म्हणून म्हातारा तरणा होत नाही," असं म्हणून व्हर्ना टॉलेफसनने टायर परत ढकलला.

टायरवाल्या ऑरिनने तो फिरवून फिरवून पाहिला. नक्षी कोरी करकरीत होती.

"काय खोट काढलीत यात, मिसेस टॉलेफसन?"

"कडेवरचे हे चार आकडे वाच. आठवडा आणि साल. सात वर्षं झाली याला. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं."

व्हर्ना चौथीनंतर शाळेत गेली नव्हती. पण आकडे तिला चुकीचे वाचून दाखवणारा मोंटानात अजून जन्मला नव्हता.

ऑरिन आत गेला आणि दुसरा टायर घेऊन आला. "हा घ्या. पिकअपचा आहे, मऊ चालतो."

"मला पिकअप ओढायची नाही, ट्रेलर ओढायचाय. याच्या बाजू लिबलिबीत. वळणावर ट्रेलर दारुड्यासारखा डोलेल. ट्रेलरचा खास असतो तो दे. आणि यंदाचा दे."

"ओझं किती आहे?"

तिने एप्रनच्या खिशातून चिठोरी काढली. ट्रेलरच्या दाराशेजारी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचे आकडे तिने उतरवून आणले होते. "भरल्यावर पाच टन."

"पाच टन? धोंडे नेताय का?"

"संसार. धोंडेच म्हण."

ऑरिनने चिठोरीवर नजर फिरवली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आर्विड टॉलेफसन वारला तेव्हा जमीन मुलाच्या, रॉडनीच्या, नावावर गेली. रॉडनीने ती डेन्व्हरच्या एका माणसाला विकली, तिच्यावरच्या घरासकट. शनिवारी ताबा द्यायचा होता. आईसाठी त्याने बिलिंग्ज शहरात वृद्धाश्रमात खोली धरली होती. दुसरा मजला. खिडकी उघडत नव्हती, पण जेवण वेळेवर होतं.

"तिथे हे सगळं मावायचं नाही हो," ऑरिन हळूच म्हणाला. "एक पलंग आणि एक खुर्ची, एवढीच जागा असते."

"ते मी बघेन."

"ट्रेलरची नोंदणी चालू आहे ना? नाहीतर पोलीस अडवतील."

"चालू आहे. कागद माझ्या नावावर आहे."

"आणि चालवणार कोण? रॉडनी?"

"का, जमिनीबरोबर माझे हातही विकलेत का त्याने?"

ऑरिनला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. चार टायर काढले. एकेक टायर दीड टनाच्या वर पेलणारा. व्हर्नाने पिकअपमधून आणलेले चाकांचे चारही लोखंडी रिम त्याने घासून तपासले, एवढी हवा सोसतील याची खात्री केली आणि रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे बसवले.

"ऐंशीची हवा. पुरते ऐंशी पौंड," तो म्हणाला. "निघायच्या दिवशी सकाळी, टायर गार असताना मोजायची. चालून तापल्यावर आकडा वाढतो. तो बघून हवा सोडायची नाही."

"पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललास."

गुरुवारी रॉडनीचा फोन आला. तो दोनशे मैलांवर राहायचा आणि ख्रिसमसखेरीज फिरकायचा नाही.

"मॉम, सामान कशात घालणार आहेस?"

"ट्रेलर आहे ना."

"कुठला? बाबांचा जुना, सामानाचा?"

"तुझ्या बापाने आणलेला. आमच्या लग्नाच्या वर्षी."

"तो अजून आहे? मला वाटलं भंगारात गेला."

"तुला पुष्कळ गोष्टी भंगार वाटतात."

रॉडनीने ते कानाआड केलं. "हवा जरा कमी ठेव. पन्नासची पुरे. मऊ चाललं की कपबशा फुटत नाहीत."

"ऑरिन ऐंशी म्हणतो."

"प्रत्येक गोष्टीत अडून बसायलाच हवं का, मॉम? कधीतरी मऊ घ्यायला शिक."

"मऊ टायर आधी तापतो, मग फाटतो. फाटताना शेजारच्यालाही घेऊन जातो."

रॉडनीने विषय बदलला.

"शनिवारी दहाला मी त्या माणसाला घेऊन येतोय," तो म्हणाला. "तोवर आवरून ठेव. मागे पसारा नको."

"काडी राहणार नाही."

ते दोन दिवस व्हर्ना चाकं काढून ठोकळ्यांवर बसवलेल्या ट्रेलरखाली उताणी पडून होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाठ जमिनीला लावली की ती उठायला कुरकुरते. तिने पाठीला दोन शिव्या हासडल्या आणि चाकं चढवली. नट आवळले, दिव्यांच्या तारा जोडल्या, ब्रेक दाबून पाहिले. कपबशा टॉवेलांत गुंडाळून त्याच कपाटात परत ठेवल्या.

शनिवारी उजाडता उजाडता तिने हवा मोजली. तीन टायर ऐंशीवर होते, एक अठ्ठ्याहत्तरवर. दोन पौंडांनी काय बिघडतंय, असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. तिने पंप लावला, ट्रेलर पिकअपला जोडला आणि निघाली.

पन्नास मैलांवर ती थांबली. चारही टायरांवर तळहात ठेवून पाहिला. सगळे सारखेच कोमट. नट पुन्हा आवळून ती निघाली. बिलिंग्जचा फाटा डावीकडे आला, तशी ती उजवीकडे वळली.

साडेदहाला ती शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात नदीकाठच्या मोकळ्या माळावर होती. चाकांना ठोकळे लावून ती ट्रेलरमध्ये चढली आणि फोन वाजला.

"मॉम, कुठे आहेस तू?"

"घरात. कॉफी ठेवलीय."

"कसली कॉफी? मी इथेच उभा आहे, तो माणूस पण आहे." रॉडनीचा आवाज चिरकला. "इथे नुसत्या तीन पायऱ्या आहेत, मॉम. पायऱ्यांच्या पुढे घरच नाही."