बारा पेले

चौसष्टावा पेला भरला आणि जार रिकामा झाला. विमलबाईने तो पेला बादलीत ओतला आणि बादलीतलं पाणी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. दारात उभ्या असलेल्या शेजारच्या रंगूबाईला हे काही पटत नव्हतं. नवरा दर्यात बेपत्ता आणि ही बाई पाणी मोजत बसलीय.

पण विमलबाई हिशोबाची पक्की. बेलापूरच्या बाजारात पाटीभर मासळीचे वाटे किती पडतील हे ती नुसत्या नजरेने सांगायची. होडी निघताना पाणीही ती तसंच द्यायची. "लिटरचं मला नका सांगू, तहान पेल्याने लागते," म्हणायची. वीस लिटरचा जार म्हणजे ऐंशी पेले. माणशी दिवसाला चार. लग्नात आलेली पाव-पाव लिटरच्या स्टीलच्या पेल्यांची जोडी होती. एक होडीवर जायचा, एक घरच्या माठावर राहायचा. पाणी प्यालं की पेला माठाच्या झाकणावर पालथा घालायचा, ही तिच्या नवऱ्याची, गोटीरामची सवय. घरात दुसरं कोणी तसं करत नसे.

मागच्या सोमवारी पहाटे गोटीराम नाखवा तिघांना घेऊन दिवाळे गावाहून निघाला, एका दिवसासाठी. रात्री जाळं होडीच्या पंख्यात अडकलं, इंजिन बंद पडलं, होडी वाहवत गेली. मोबाईल लागेनात. आठ दिवसांनी, काल संध्याकाळी, ती एका मोठ्या बोटीला सापडली. आज तिघे घरी आले. नाखवा आला नाही.

तिघांचं म्हणणं एकच, काल संध्याकाळपर्यंत तो होडीवर होता. मोठी बोट दिसली तसे सगळे हात हलवायला लागले, वळून बघतात तर नाखवा नाही. पट्टीचा पोहणारा माणूस, कालच पडला असेल तर अजून जिवंत असेल. गावच्या सहा होड्या शोधायला गेल्या होत्या. विमलबाईलाही आशा होती, नाही कसं म्हणावं. पण होडीवरून परत आलेला जार उचलताना जड लागला आणि ती पेला घेऊन मोजायला बसली.

दुसऱ्यांदाही चौसष्टच भरले. ऐंशीतले सोळा गेले. चार माणसं, चार-चार पेले. म्हणजे फक्त पहिला दिवस. पुढचे सात दिवस जाराला कोणी हातच लावला नव्हता.

होडीवरच्या तिघांतला एक, तिचा पुतण्या धनेश, ओटीवर भात खात बसला होता. ओठ फुटलेले नव्हते, डोळे खोल गेलेले नव्हते. आठ दिवस उन्हात काढलेला माणूस असा दिसत नाही.

"धनेश, पानी कुठलं प्यालात रे?"

"काकाच द्यायचा, काकी. त्या रातीला पंख्यातलं जाळं सोडवाया त्यानी उडी मारली. लय वेळ वर आला नाय. आमाला वाटलं, गेला. मग बघतो तर मागं उभा, सगळा भिजलेला, हातात भरलेला पेला. तवापासून रोज आमाला चार-चार. मोजून."

"आनि तो?"

"तो म्हनायचा, तुमी घ्या, माजं मागनं." धनेशचा घास हातातच राहिला. "गार पानी होतं, काकी. वाळ्याचा वास यायचा."

प्लॅस्टिकचा जार, एप्रिलचं ऊन, आणि वाळा? विमलबाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी तिची लेक टाकायची.

लेक, सुचिता, माठापाशीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. आठवडाभर तिने आईची बोलणी खाल्ली होती. रात्री काठोकाठ भरलेला माठ सकाळी उतरलेला असायचा. खाली जमीन कोरडी, माठाला चीर नाही. मंगळवारी बारा पेले ओतले तेव्हा तो भरला. बुधवारीही बारा. "रातीची उठून आंघोळ करतेस काय गं?" विमलबाई खेकसली होती, आणि पोरगी रडली होती. कालपर्यंत सात सकाळी, रोज बारा. आज मात्र माठ भरलेलाच होता.

तिघांचे चार-चार, बारा. तेरावा कधीच नाही. विमलबाईने बोटांवर दिवस मोजले. सोमवार धरून आज नववा. उद्या दहावा.

"सुचिता, दिवा आन. खाली ठेवाया पीठ आन."

रंगूबाई तरातरा आत आली. "येडी झालीस? जित्या मानसाचा दिवा लावतेस?"

"जिता असता तर एक तरी पेला त्यानी सोता घेतला असता," विमलबाई म्हणाली. "उन्हात सात दिस बिनपान्याचा कोन जगतो गं?" आणि मग ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

कोपऱ्यात पिठावर दिवा लागला. होडीवरून आलेला पेला तिने माठातल्या पाण्याने भरला आणि दिव्याजवळ ठेवला. कुंकू मात्र पुसलं नाही. पेला तसाच भरलेला राहिला तर जित्या नवऱ्याला आपणच आपल्या हाताने मारलं, हे तिला कळत होतं. संध्याकाळी सहाही होड्या रिकाम्या परतल्या.

दहाव्याच्या सकाळी आधी सुचिता उठली. माठ काठोकाठ भरलेला होता. दिवा तेवत होता, पण त्याच्याजवळचा पेला जागेवर नव्हता. तो माठाच्या झाकणावर होता, पालथा घातलेला.